हेड गाडी बघून घ्यावं

डेट्रॉइटच्या उत्तरेला, वुडवर्ड ॲव्हेन्यूजवळच्या एका इंजिन मशीन शॉपमध्ये मी काम करतो. ऑगस्टमध्ये त्या रस्त्यावर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते, त्यामुळे त्याआधी आमच्याकडे कामाची झुंबड उडते. अशाच गर्दीत एक निवृत्त गृहस्थ १९६९च्या शेव्हरले कमॅरो गाडीचं ३५० घन इंचांचं 'स्मॉल ब्लॉक' इंजिन घेऊन आले. २२० सीसी रनरची (रनर म्हणजे हवा व्हॉल्व्हपर्यंत नेणारी वाट) ॲल्युमिनियम हेड्स, म्हणजे सिलिंडरवरची व्हॉल्व्ह असलेली झाकणं, बसवायची हे त्यांचं आधीच ठरलेलं होतं. जुनी लोखंडी हेड्स मूळची आहेत असं गाडी विकणाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं, म्हणून ती तपासून जपून ठेवायची होती.

व्हॉल्व्ह कव्हर काढलं आणि हेडवर ओतकामातच उमटवलेला कास्टिंग नंबर बघितला. शेवटचे आकडे ८८२. ही सत्तरच्या दशकातल्या मधल्या वर्षांची हेड्स; '६९च्या गाडीवर ती मूळची असूच शकत नाहीत. शिवाय ती तडकण्यासाठी बदनाम आहेत. धुऊन घेतल्यावर तडा शोधायला विद्युतचुंबक लावला आणि वरून लोखंडाची बारीक भुकटी फुंकली. या इंजिनात मधल्या दोन सिलिंडरचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह शेजारी-शेजारी असतात, तिथेच सगळ्यात जास्त तापतं. व्हॉल्व्ह टेकतो त्या एका सीटच्या कडेपासून भुकटीची केसाएवढी रेघ उमटली. पुसून पुन्हा फुंकली, तरी रेघ तिथेच. गृहस्थ शेजारी उभे राहून बघत होते. त्यांना वाईट वाटलं आणि मलाही. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत शिकलेल्या माणसाला तडकलेलं कास्टिंग बघवत नाही.

आता प्रश्न नव्या हेडचा होता. जुन्या हेडमधल्या चेंबरवर, म्हणजे इंधन जळतं त्या पोकळीवर, ग्रीस लावून ॲक्रिलिकची पट्टी चिकटवली आणि ब्युरेटनं (मापाच्या खुणांच्या काचनळीनं) रंगीत स्पिरिट सोडलं. ७६ सीसी भरलं. बोअर ४.०३ इंच, पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाच्या) २५ थाउ (इंचाचे हजारांश) खाली आणि गास्केट ४० थाउ; हिशेब केला तर कॉम्प्रेशन, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते, जेमतेम ८.७ निघालं. ६४ सीसी चेंबर घेतला की तेच ९.८च्या आसपास जातं. ॲल्युमिनियम उष्णता लवकर ओढून घेतं, त्यामुळे एवढं कॉम्प्रेशन प्रीमियम पेट्रोलवर निर्धास्त चालतं. इथपर्यंत आमचं एकमत होतं.

घोडं अडलं ते रनरवर. जाहिरातीत हवेच्या प्रवाहाचा जो मोठा आकडा छापतात, तो बहुतेक वेळा व्हॉल्व्ह ०.६०० इंच उघडल्यावरचा असतो. यांचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) व्हॉल्व्ह उघडतो फक्त ०.४६०. ज्या उंचीपर्यंत व्हॉल्व्ह कधी जाणारच नाही, तिथल्या आकड्यासाठी पैसे का मोजायचे? मी त्यांच्यापुढे त्यांचं २२० आणि मला योग्य वाटणारं १८० सीसी रनरचं, अशा दोन्ही हेड्सचे प्रवाहाचे तक्ते ठेवले आणि ०.३०० व ०.४००च्या ओळींवर बोट ठेवलं. तिथे १८० सीसीचं हेड मोठ्याच्या बरोबरीनं चालत होतं. त्यातून गाडी ऑटोमॅटिक, मागच्या ॲक्सलचा गिअर ३.०८, म्हणजे इंजिनाचं बहुतेक आयुष्य ३००० आरपीएमच्या खालीच जाणार. तिथे रुंद पोर्टमधून हवा मंदावते, सिलिंडर नीट भरत नाही आणि सिग्नलवरून निघताना गाडी मेल्यासारखी वाटते. २२०चं हेड वाईट नाही. मोठा कॅम आणि वर फिरणारं इंजिन असेल तर मीच ते सुचवीन. शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी १८० घेतलं.

नव्या हेडवर पुशरॉडना (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या सळयांना) घासणाऱ्या गाइड प्लेट होत्या, म्हणून कडक केलेले पुशरॉड घेतले आणि त्यांची लांबी नव्यानं मोजली. पिस्टनवर क्ले लावून इंजिन हातानं फिरवलं आणि व्हॉल्व्हला पुरेशी जागा आहे याची खात्री केली. या ब्लॉकमध्ये हेड बोल्टची भोकं थेट वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे थंड करणारं पाणी खेळतं त्या पोकळीत, उघडतात, त्यामुळे प्रत्येक आट्याला सीलंट लागतं. घाईत नेमकं हेच राहून जातं.

क्रूझनंतर ते पुन्हा आले. १५०० आरपीएमपासूनच गाडी ओढते, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी खडखड) अजिबात नाही, असं सांगितलं आणि मागचा गिअर ३.५५ केला तर कसं, ते विचारलं. करा म्हटलं, फक्त हायवेवर पेट्रोल जास्त लागेल.