निगेटिव्ह कंट्रोल चमकला तर? प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियाची लॅम्प चाचणी : माझा अनुभव

गडचिरोलीत भामरागडकडच्या गावांत ताप म्हटला की आशाताई आधी किट (बोटाच्या रक्ताची झटपट चाचणी) लावतात, काच (सूक्ष्मदर्शकाखाली बघायला रक्ताचा थेंब) काढतात आणि औषध त्यावरच सुरू होतं. ते तसंच राहू द्यावं. तापलेल्या माणसाला लॅम्पच्या (रक्तातल्या परजीवीच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणाऱ्या चाचणीच्या) निकालासाठी थांबवायचं नाही. ही चाचणी खरी कामाची आहे ती पॉझिटिव्ह रुग्णाच्या घरातल्या, ताप नसलेल्या माणसांसाठी. किटला एका मायक्रोलिटर रक्तात साधारण 100 ते 200 परजीवी लागतात, लॅम्पला एक ते पाच पुरतात.

रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) ट्यूबमध्येच घ्यायचं. हेपॅरिनची ट्यूब नको, तेही रक्त गोठू देत नाही, पण अभिक्रियाच अडवतं. 60 मायक्रोलिटर रक्तात तेवढंच एक्स्ट्रॅक्शन बफर (डीएनए मोकळा करणारं द्रावण) घालून 95 अंशांवर 5 मिनिटं ठेवलं की चॉकलेटी चोथा होतो. सेंट्रिफ्यूजमध्ये 10,000 आरपीएमवर 3 मिनिटं फिरवल्यावर तो तळाशी बसतो. वरचं नितळ 30 मायक्रोलिटर घेऊन 345 मायक्रोलिटर निर्जंतुक पाण्यात मिसळायचं. घाईत ही पायरी गाळली की बफरमधला एसडीएस (साबणासारखं रसायन) आणि उरलेलं हिमोग्लोबिन एन्झाइमला काम करू देत नाहीत, आणि पॉझिटिव्ह माणूस निगेटिव्ह निघतो. टिप चोथ्याला लागून कण वर आले तर ओढून घ्यायचं नाही, ट्यूब परत फिरवायची.

या पातळ केलेल्या नमुन्यातलं 30 मायक्रोलिटर रिअ‍ॅक्शन ट्यूबमध्ये जातं. सुकं रिएजंट झाकणाच्या आत पांढऱ्या ठिपक्यासारखं असतं. झाकण लावून ट्यूब 2 मिनिटं उलटी ठेवायची, मग पाच वेळा वरखाली करायची. पावसाळ्यात फॉइलचं पाकीट आधीच फोडून ठेवलं की ठिपका ओल धरतो, चिकट होतो आणि नीट विरघळत नाही. म्हणून नमुने तयार झाल्याशिवाय पाकिटाला हात लावत नाही.

मग 65 अंशांवर 40 मिनिटं आणि एन्झाइम बंद पाडायला 80 अंशांवर 5 मिनिटं. हीट ब्लॉक आधी वीस मिनिटं तापवून घ्या आणि एका भोकात पाणी घालून थर्मामीटरने तपासा. आकड्यावर 65 दिसतं म्हणून आतही तेवढंच असेल असं नाही. आमच्याकडे मध्येच वीज जाणं नेहमीचं, म्हणून ब्लॉक इन्व्हर्टरवरच. तरी फेरी मध्ये तुटली तर अर्धवट ट्यूब पुढे तापवत नाही, सगळी फेरी नव्याने.

यूव्ही दिव्याखाली पॉझिटिव्ह ट्यूब हिरवीगार उजळते, निगेटिव्ह मंद राहते. एका नमुन्याच्या दोन ट्यूब असतात: पॅन कुठलाही मलेरिया दाखवते, पीएफ फक्त फाल्सिपेरम प्रकार. पॅन पॉझिटिव्ह आणि पीएफ निगेटिव्ह असेल तर आमच्या भागात बहुधा व्हायव्हॅक्स हा दुसरा प्रकार; काच पाहून पक्कं करायचं. दोन्ही पॉझिटिव्ह आले की फाल्सिपेरम लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण सोबत व्हायव्हॅक्स आहे की नाही, हे या दोन ट्यूब सांगत नाहीत. ते निसटलं तर व्हायव्हॅक्स पुन्हा उलटू नये म्हणून द्यायचं 14 दिवसांचं प्रायमाक्विनही निसटतं.

आता मूळ दुखणं. प्रत्येक फेरीत एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह कंट्रोल असतो, म्हणजे परजीवीचा डीएनए नक्की असलेली आणि नक्की नसलेली अशा पडताळणीच्या ट्यूब. निगेटिव्ह उजळला की ती फेरी बाद, त्यातला एकही निकाल रजिस्टरला चढत नाही. कारण बहुतेक वेळा एकच: फेरी झालेली ट्यूब कुणीतरी, कधीतरी उघडलेली असते. एका ट्यूबमध्ये डीएनएच्या अब्जावधी प्रती तयार झालेल्या असतात. झाकण उचकटलं की त्या टेबलावर, पायपेटवर, हातमोज्यांवर जाऊन बसतात. स्पिरिटने पुसून काही होत नाही, स्पिरिट जंतू मारतं, डीएनए नाही. ताज्या केलेल्या 0.5 टक्के हायपोक्लोराइटने (ब्लीचने) पुसून दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसायचं, नाहीतर पायपेटचं धातू गंजतं. झालेल्या ट्यूब ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) तर अजिबात घालू नका, आत झाकणं उडतात. दोन झिप पिशव्यांत बंद करून जाळण्याच्या कचऱ्यात द्यायच्या.

खोल्या दोनच असल्या तरी चालतं: एकीत रक्त आणि बफर, दुसरीत ब्लॉक आणि दिवा. दुसरीतलं काहीही, अगदी पेनसुद्धा, पहिलीत परत येत नाही. कंट्रोल उजळल्यावर पाणी, टिप, बफर सगळं नवं काढतो आणि नुसत्या पाण्याच्या ट्यूब लावून बघतो. सलग दोन फेऱ्या त्या मंद राहिल्या, तरच रुग्णांचे नमुने ब्लॉकमध्ये जातात.