३१ मार्चचे पैसे १ एप्रिलला

मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो; एप्रिलमध्ये मला पतसंस्थांचे फोन जास्त येतात. ऑडिटर यायचे म्हटले की वर्षभर बंद असलेला प्रिंटरही लोकांना आठवतो. हा फोन मात्र वेगळा होता. मॅनेजर म्हणाले, "आमचा कॉम्प्युटर तारीख खोटी टाकतोय, आणि मेमो आमच्या माणसाला गेलाय."

तालुक्याच्या गावची संस्था. काउंटरवरचं मशीन जुनं, चार जीबी रॅमचं. त्यावर विंडोज ७, कारण खातेवहीचं सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नाही. त्याच मशीनवर शेजारी दुसरी प्रणाली, लिनक्स मिंट, कारण पिग्मी एजंटांच्या (रोजची बचत गोळा करणाऱ्यांच्या) पेनड्राइव्हमधून व्हायरस यायचे; सुरू करताना दोन्हींतली एक निवडायची. मिंट बसवलं एका संचालकांच्या भाच्याने, आणि तो नोकरीला पुण्याला गेला. मला मिंट आवडतं, म्हाताऱ्या मशीनला ते झेपतं. पण हौसेने लिनक्स बसवून देणारे पुष्कळ, नंतर फोन उचलणारे थोडे. या मशीनला नेट नाही; तो मॅनेजरांचा हुकूम. सकाळी काउंटरवरच्या ताई विंडोजवर काम करतात, संध्याकाळी काका, म्हणजे मेमो मिळालेला तो माणूस, मिंट लावून पिग्मीचा भरणा कॅल्कच्या (एक्सेलसारख्या) शीटमध्ये चढवतात.

३१ मार्चला संध्याकाळी सातनंतर काकांनी ३८,४५० रुपये चढवले. तारखेसाठी ते कंट्रोल आणि अर्धविराम दाबतात, आजची तारीख आपोआप पडते. पडली १ एप्रिल. वर्ष संपताना तिजोरीत रोकड जास्त, पुस्तकात कमी. ऑडिटरला याहून काय हवं?

माझ्याआधी एक जण येऊन मदरबोर्डवरचा सेल बदलून साडेतीनशे रुपये घेऊन गेला होता. घड्याळ चुकलं की सेल बदला, हे आमच्या धंद्यातलं क्रोसिन. त्याने काढलेला सेल ताईंच्या ड्रॉवरमध्येच होता. मल्टिमीटर लावला तर ३.०२ व्होल्ट! सीआर २०३२ सेल नवा असताना तीनच्या थोडा वर असतो. हा ठणठणीत होता. आणि सेल मेला तर घड्याळ मोजूनमापून चुकत नाही, बोर्डाच्या जन्मसालापर्यंत मागे जाऊन बसतं. सेलच्या जिवावर चालतो तो क्वार्ट्झचा छोटा स्फटिक, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा. हा आकडा म्हणजे दोनाचा पंधरावा घात; पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक ठोका उरतो. तुमच्या मनगटी घड्याळातही बहुतेक तोच असतो. बिघडला तर दिवसाला काही सेकंद इकडेतिकडे करेल, तासांची उडी मारणार नाही.

मग मी ताईंना विचारलं, सकाळी काय दिसतं? "कधीकधी सव्वादहाला पावणेपाच. मी नीट करते." काकांना विचारलं. "कधीकधी सातला साडेबारा दाखवतं. मीही नीट करतो. गर्दी असली की राहून जातं." एकाचं मागे, एकाचं पुढे, फरक दोन्हीकडे साडेपाच तास. तिथेच मला उलगडलं. आपली वेळ जागतिक वेळेच्या, म्हणजे ग्रीनिचच्या, बरोबर साडेपाच तास पुढे; भारतात हा फरक दिसला की स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवावा. नेपाळात पावणेसहा दिसला असता.

बायॉस, म्हणजे विंडोज-मिंटच्याही आधीचा मशीनचा स्वतःचा पडदा, उघडून दाखवलं: ११:२०. भिंतीवरही ११:२०. मिंट सुरू केलं: १६:५०. बोर्डावरची घड्याळाची चिप नुसते आकडे ठेवते, ते कुठल्या देशाचे हे तिच्यात लिहिलेलंच नसतं. विंडोज त्यांना इथली वेळ समजतं, ही डॉसच्या काळापासूनची रीत. लिनक्स त्यांना जागतिक वेळ समजून वर साडेपाच तास घालतं. ताईंनी विंडोजमध्ये घड्याळ लावलं की काकांचं पुढे जायचं, काकांनी मिंटमध्ये लावलं की ताईंचं मागे यायचं. दोघं कित्येक महिने एकमेकांवर संशय घेत होते. नेट असतं तर मिंटने बाहेरून वेळ मागवून आपल्यापुरतं गुपचूप जुळवलं असतं, आणि ताईंचा वैताग रोजचा झाला असता.

मॅनेजरांना हे समजावताना मला घाम फुटला. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले अध्यक्ष, वय ऐंशीच्या पुढे, म्हणाले, "अहो, हे मुंबई टाइम आणि रेल्वे टाइमसारखं झालं." त्यांचं लहानपण मुंबईत गेलं. देशाची प्रमाणवेळ १९०६ साली आली, तरी मुंबईने स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. ती ३९ मिनिटं मागे. "दोन्ही घड्याळं बरोबर असायची, गाडी मात्र चुकायची." त्या खोलीत पहिल्या फटक्यात कळलेला माणूस हाच, आणि त्यांनी आयुष्यात माउस धरलेला नाही.

खरा उपाय विंडोजला जागतिक वेळ शिकवण्याचा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, एक नोंद घातली की झालं. पण सॉफ्टवेअरवाल्याने फोनवर धमकीच दिली, रजिस्ट्रीला हात लागला तर सपोर्ट बंद. म्हणून मिंटलाच टर्मिनलमधून (हुकूम टाइप करायच्या खिडकीतून) सांगितलं की चिपमधली वेळ इथलीच धर. यावर लिनक्स इशारा देतं, उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायच्या पद्धतीमुळे घोटाळे होतील म्हणून. आपल्याकडे ती पद्धत नाही, म्हणून बिनधास्त केलं. काम एका ओळीचं.

अडलंय ते पत्रावर. ऑडिटरना माझ्या लेटरहेडवर हवंय, "संगणकात तांत्रिक बिघाड होता." मी पानभर लिहून दिलं: सेल चांगला, चिप चांगली, दोन्ही प्रणाली आपापल्या नियमाने बरोबर, जोडणी करणाऱ्याने मेळ घातला नाही. मॅनेजरांचा फोन आला, "ऑडिटरसाहेब म्हणतात, यात दोषी कोण ते कुठे लिहिलंय?"

काल काका स्वतः दुकानात आले. पत्र घडी घालून खिशात होतं. "घड्याळ बरोबर होतं असं तुम्हीच लिहिलंत. मग चुकलो मी, असंच ना?"

बिघाड लिहिला तर खोटं, न लिहिला तर मेमो काकांच्या गळ्यात. एका ओळीत मावणारं खरं मला अजून सुचलेलं नाही. एजंटांच्या हातातल्या मशीनच्या पावत्यांवर मात्र ३१ मार्च आणि संध्याकाळची वेळ छापलेली आहे. त्या पत्राला जोडा, असं काकांना सांगितलंय. थर्मल कागद आहे, पुसट व्हायच्या आत आधी झेरॉक्स काढा, हेही.