१०/१०० पासून २.५ गिगपर्यंत: आमची वाटचाल

बडोद्यात छोट्या कार्यालयांची नेटवर्क जोडणी हा आमचा धंदा. दांडिया बाजार-रावपुऱ्यातले सीए आणि वकील, अलकापुरीतले आर्किटेक्ट, मकरपुरा जीआयडीसीतले फॅब्रिकेशनवाले, आणि अलीकडे लग्न-गरब्याचं व्हिडिओ एडिटिंग करणारे स्टुडिओ, अशी आमची गिऱ्हाइकं. सुरुवात १०/१०० च्या, म्हणजे सेकंदाला १० किंवा १०० मेगाबिट नेणाऱ्या प्लास्टिकच्या स्विचपासून झाली (स्विच म्हणजे कार्यालयातली यंत्रं केबलनं एकमेकांना जोडणारा डबा). मग गिगाबिट (सेकंदाला १,००० मेगाबिट, आमच्या बोलीत १ गिग) आलं आणि बरीच वर्षं त्यापुढे कुणाला काही लागलं नाही. तांब्याच्या तारेवर १० गिग २००६ पासून होतं, पण कॅट ६ए दर्जाची महागडी केबल, तापणारी नेटवर्क कार्डं आणि पंख्याची घरघर हे आठ टेबलांच्या कार्यालयाला झेपणारं नव्हतं. मधली पायरी सप्टेंबर २०१६ मध्ये आली: आयईईई या संस्थेचं ८०२.३बीझेड हे मानक, म्हणजे २.५ आणि ५ गिग.

आमच्या कामाला ती पायरी मानवली ती मुख्यतः जुन्या केबलमुळे. रावपुऱ्याच्या जुन्या इमारतींत भिंती जाड, पाइप आधीच भरलेले. नवी केबल ओढायची म्हणजे फोडाफोड आणि रंगकाम आलंच. २.५ गिग साध्या कॅट ५ई दर्जाच्या केबलवर पूर्ण १०० मीटर चालतं. ५ गिगला आम्ही त्यावरच्या दर्जाची कॅट ६ धरतो. १० गिग कॅट ६ वर फार तर ५५ मीटर, आणि एका गठ्ठ्यात बऱ्याच केबली असतील तर त्याहून कमी.

पण कोटेशन देण्याआधी आमचा पहिला प्रश्न असतो: जड फाइल नेमकं कोण हलवतं? सीएच्या कार्यालयात टॅली सर्व्हरवर असते आणि ती लहान-लहान वाचन-लेखनावर अडते. तिथे सर्व्हरला एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) बसवा, स्विचला हात लावू नका. इंटरनेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा असेल तर २.५ गिगच्या स्विचनं तो ३०१ होणार नाही. व्हिडिओवाल्यांचं मात्र वेगळं. कॅमेरा १०० एमबीपीएसनं (सेकंदाला १०० मेगाबिट; ८ बिटांचा एक बाइट) रेकॉर्ड करत असेल तर तासाला ४५ जीबी होतात. गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११२ एमबीच्या आसपास मिळतात, म्हणजे तेवढं कॉपी व्हायला पावणेसात मिनिटं. २.५ गिगवर २८० एमबी धरा, पावणेतीन मिनिटं. नवरात्रात रोज रात्री चार-पाच कॅमेऱ्यांचं फुटेज येतं आणि सकाळी क्लिप द्यायची असते. तिथे हा फरक पैसे देण्याजोगा आहे. एक अट: समोरच्या डिस्कनं तेवढं दिलं पाहिजे. एकटी हार्डडिस्क १५० ते २५० एमबीच्या मध्ये कुठेतरी थांबते, म्हणून एका डिस्कच्या नॅसला (नेटवर्कवर सगळ्यांना वापरता येणाऱ्या डिस्कपेटीला) १० गिगचं कार्ड लावणं हा शुद्ध दिखावा.

यातूनच आमची ठरलेली मांडणी तयार झाली. २.५ गिगचे ८ पोर्ट आणि १० गिगचे १-२ एसएफपी+ पोर्ट (मॉड्यूल किंवा खास केबल खोचायच्या खाचा) असलेला एक स्विच. सर्व्हर किंवा नॅस एसएफपी+ वर, जड काम करणारी चार-पाच टेबलं २.५ वर. प्रिंटर, सुरक्षा कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डर), हजेरीचं मशीन, रिसेप्शन हे सगळं जुन्याच गिगाबिट स्विचवर, आणि तो स्विच नव्याच्या एका पोर्टला. म्हणजे जुना स्विच फेकायचा नाही. सगळे पोर्ट २.५ चे असून सर्व्हरही २.५ वरच ठेवला, तर दोन एडिटरनी एकदम फाइल ओढली की प्रत्येकाच्या वाट्याला १४० एमबी. नव्या खर्चाचा निम्मा उपयोग तिथेच गेला. दोन गिगाबिट केबली जोडून लिंक ॲग्रिगेशन करा, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. त्यात एका फाइलची एक कॉपी एकाच तारेनं जाते; एका एडिटरचा वेग तसूभर वाढत नाही.

सर्व्हर आणि स्विच एकाच रॅकमध्ये असतील तर मध्ये डीएसी केबल (दोन्ही टोकांना एसएफपी+ प्लग कायमचे बसवलेली) घाला, १ ते ३ मीटरची. स्वस्त, थंड, बिनबोभाट. तांब्याच्या केबलचं आरजे४५ (नेहमीच्या नेटवर्क प्लगचं) एसएफपी+ मॉड्यूल २-३ वॅट खातं आणि बोट ठेववत नाही इतकं तापतं. अशी दोन शेजारी लावू नका. जुनी इंटेल एक्स५२० कार्डं सेकंडहँडमध्ये चांगली मिळतात, पण त्यांना मदरबोर्डवर लांब, एक्स८ मापाचा स्लॉट लागतो. आणि जुन्या आरजे४५ च्या १० गिग कार्डांपैकी काहींना, उदाहरणार्थ इंटेल एक्स५४० ला, २.५ आणि ५ ठाऊकच नाहीत. अशी कार्डं २.५ च्या पोर्टला लावली की निमूट १ गिगवर येऊन बसतात.

मॉडेलचं म्हणाल तर पाच टेबलांपर्यंत आणि व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी जाळी करायची सोय) नको असेल तर टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०५-एम२ सारखा पाच पोर्टचा, बिनपंख्याचा साधा स्विच पुरतो. १० गिगचे पोर्टही हवे आणि कुणीतरी सेटिंग सांभाळणारं असेल तर मायक्रोटिकचा सीआरएस३१०: २.५ चे ८ आणि एसएफपी+ चे २. त्याला पंखा आहे, तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये ठेवायचा नाही. अनोळखी नावांचे ८+१ पोर्टवाले डबेही बाजारात आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच डब्यांत चिप एकाच घराण्याची असते. वेग ठीक देतात. फरक पडतो ॲडॉप्टरमध्ये, उष्णता वाहून नेण्यात आणि फर्मवेअरचं (डब्यातल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट मिळण्यात. मॅनेज्ड (सेटिंग करता येणारा) म्हणून विकलेला, पण ज्याचं अपडेट कधीच येत नाही असा डबा आम्ही गिऱ्हाइकाला देत नाही. डब्यावरचे मोठे आकडे पाहून भुलू नये. ८ पोर्ट × २.५ × २ दिशा = ४० जीबीपीएस, त्यात एका एसएफपी+ चे २० मिळवा, ६०. स्विचिंग कपॅसिटी याहून कमी लिहिली असेल तरच ती बातमी.

एक बारीक गोष्ट माहितीपत्रकात दडलेली असते. २.५ चे बरेच स्विच १०० एमबीपीएसच्या खाली उतरत नाहीत. जुनं हजेरी मशीन किंवा लेबल प्रिंटर १० एमबीपीएसवरच बोलत असेल तर दिवा लागणारच नाही. संगणक झोपल्यावर नेटवर्कवरून उठवायची सोय वापरत असाल तर तिथेही हेच: झोपेत कार्ड बहुधा १० वर येतं. यासाठीही जुना गिगाबिट स्विच राखून ठेवावा.

वायफायसाठी २.५ गिगच्या पोर्टचा एपी (ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा) घेतला आणि पीओई इंजेक्टर (नेटवर्क केबलमधूनच वीज पुरवणारा डबा) जुना गिगाबिटचाच राहिला, तर सगळी साखळी १ गिगवर. एक-दोन एपीसाठी २.५ गिगचा, ३० वॅटचा म्हणजे ८०२.३एटी इंजेक्टर घ्या. त्यापायी पीओई स्विचचा भुर्दंड नको. तीनपेक्षा जास्त एपी असतील तर पीओई स्विच, आणि तिथे पोर्टची संख्या सोडून एकूण वॅट वाचा.

बिघाडांत पहिला नंबर केबलचा. स्वस्त पेटीत तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार असते. ब्लेडनं खरवडली की आत पांढरी दिसते. त्याहून पक्की परीक्षा मल्टिमीटरची: १०० मीटरच्या तुकड्यात एका जोडीच्या दोन तारा पलीकडे पिळायच्या आणि अलीकडे मोजायचं. खऱ्या तांब्यात १९ ओहमच्या आत यायला हवं. मुलाम्याच्या तारेत आकडा दीडपटीच्या वर जातो. या तारेवर गिगाबिट कसंबसं चालतं, २.५ वर लिंक पडू-उठू लागते, आणि दोष बिचाऱ्या स्विचला लागतो. लिंक १०० वर अडकली असेल तर ४-५ किंवा ७-८ ची जोडी तपासा. १०० ला त्या लागत नाहीत. लिंक २.५ ची दाखवून अधूनमधून क्षणभर तुटत असेल तर कार्डाचा ड्रायव्हर नवा करून ग्रीन इथरनेट ही वीज वाचवायची सोय बंद करा, बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

दुसरा नंबर उन्हाचा. बिनपंख्याच्या बऱ्याच स्विचची मर्यादा ४० अंशांची, आणि मे महिन्यात फॉल्स सीलिंगच्या वरची हवा त्याहून गरम. स्विच माळ्यावर नको. भिंतीवर, माणसाच्या उंचीला. शेडमधून ऑफिसात येणारी तार तांब्याची असेल तर पावसाळ्यात वीज तिच्यातून आत येते. दोन इमारतींमध्ये फायबरच घाला. एसएफपी+ पोर्टाचा तिथे दुहेरी उपयोग होतो.

काम सोपवताना आम्ही आयपर्फ३ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर चालवतो, एकाच वेळी चार धारांनी, दोन्ही दिशांना, प्रत्येकी १० मिनिटं. २.५ वर २.३५ जीबीपीएसच्या जवळ आलं पाहिजे, गिगाबिटवर ९४० एमबीपीएस. एका दिशेला पूर्ण आणि उलट्या दिशेला निम्मं येत असेल तर आधी पॅच कॉर्ड बदला. मॅनेज्ड स्विचवर सीआरसी चुकांचा (वाटेत बिघडलेल्या डेटाच्या तुकड्यांचा) आकडा शून्यावरून हलता कामा नये. जम्बो फ्रेम (डेटाचे नेहमीपेक्षा मोठे तुकडे) चालू करायच्या भानगडीत पडत नाही. जाळ्यातल्या एखाद्या यंत्राला त्या समजल्या नाहीत की काही फाइली उघडतात, काही लटकतात, आणि कारण शोधता शोधता संध्याकाळ होते.

बिल जीएसटीचंच घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर १८ टक्के क्रेडिट मिळतं, शिवाय वॉरंटीत अनुक्रमांक लागतो. आणि स्विचसोबतच त्याच व्होल्टचा, तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा एक जादा ॲडॉप्टर घेऊन रॅकमध्ये ठेवा. स्विचआधी बहुधा तोच जातो.