ब्लेनीचे पोट

ब्लेनी हा शेवाळ खाणारा मासा आहे, अशीच त्याची ओळख समुद्री मत्स्यालय ठेवणाऱ्यांना बहुधा करून दिली जाते आणि माझ्या मते या माशाचे सर्वाधिक नुकसान याच ओळखीने केले आहे. काचेवर हिरवा थर चढला की ब्लेनी आणायची, तिने तो फस्त करायचा आणि थर संपल्यावर ती काय खाणार याचा विचार कोणीच करायचा नाही, असा हा व्यवहार चालतो.

माझ्या टाकीत टेलस्पॉट ब्लेनी, म्हणजे एक्सेनियस स्टिग्मॅट्युरा आहे. फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या प्रवाळखडकांमध्ये राहणारा हा मासा पूर्ण वाढला तरी सुमारे ६ सेंटिमीटर भरतो. ब्लेनीला सहसा वाताशय (माशाला पाण्यात तरंगत ठेवणारी हवेची पिशवी) नसल्यामुळे पोहणे थांबवताच ती खाली जाते. म्हणूनच दिवसाचा बराचसा वेळ ती पोटाखालच्या परांवर टेकून दगडावर बसून असते आणि एका दगडावरून दुसऱ्यावर उड्या घेत फिरते. भ्याली की शेपटीकडून बिळात शिरते आणि तोंड तेवढे बाहेर ठेवून, दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवत पाहत राहते. (मत्स्यालयातला दुसरा कोणताही मासा आपल्याकडे इतके निरखून पाहत नाही, असे मला वाटते.) खडकांची रचना करताना तिच्या अंगाएवढी अरुंद भोके मुद्दाम ठेवावीत, मोठ्या गुहांचा तिला फारसा उपयोग नसतो.

आता खाण्याविषयी. ब्लेनीचे बारीक दात कंगव्यासारखे एका ओळीत असतात आणि ती त्यांनी खडकावरचा पातळ थर खरवडते. काचेवर तिच्या ओठांच्या छोट्या खुणा उमटतात त्या यामुळेच. लांब, केसाळ शेवाळाला ती सहसा तोंडही लावत नाही. शिवाय या कुळातल्या माशांच्या पोटातील अन्न तपासले असता त्यात शेवाळाबरोबरच, आणि काही जातींमध्ये त्याहून अधिक, शेवाळात अडकलेला सेंद्रिय गाळ आढळला आहे. नव्या टाकीतल्या स्वच्छ, पांढऱ्या खडकावर यातले काहीच नसते. त्यामुळे टाकी काही महिने चालून खडकांवर थर धरल्याशिवाय ब्लेनी आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्यानंतरही केवळ त्या थरावर तिला सोडून देऊ नये.

स्पिरुलिना हे सूक्ष्म शेवाळ असलेले बारीक दाणे, नोरीचे (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे) तुकडे आणि अधूनमधून गोठवलेली मायसिस कोळंबी, असे अन्न मी थोडे थोडे करून दिवसातून दोनदा देतो. नव्याने आणलेल्या ब्लेनीला दाणा हे अन्न आहे हेच अनेकदा उमगत नाही. अशा वेळी प्रवाहाचा पंप थोडा वेळ बंद करून ड्रॉपरने तिच्या बिळाच्या तोंडाशीच अन्न सोडावे. रोज तिचे पोट पाहावे. ते किंचित गोलसर दिसले पाहिजे; डोक्यामागे आत ओढलेले दिसू लागले, तर ती कितीही चपळ वाटली तरी उपाशी आहे.

पाण्याच्या बाबतीत प्रवाळांना मानवते ते तिलाही मानवते: २४ ते २६ अंश सेल्सिअस तापमान आणि १.०२५ च्या आसपास विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या खारेपणाचा अंदाज देणारे माप. वाफ होऊन पाणी उडते पण मीठ मागेच राहते, म्हणून घट भरून काढताना गोडे आरओ पाणीच घालावे. झाकण मात्र हवेच, कारण घाबरलेली ब्लेनी सहज टाकीबाहेर उडी मारते. बारीक जाळीचे झाकण त्यासाठी उत्तम. तिच्या अंगावर खवले नसतात, केवळ बुळबुळीत थर असतो, त्यामुळे तांबेयुक्त औषधे फार जपून आणि तीही वेगळ्या टाकीतच वापरावीत. प्रवाळ आणि कोळंबी असलेल्या मुख्य टाकीत ती कधीच घालू नयेत.

लहान टाकीत एकच ब्लेनी ठेवावी. तिच्यासारख्याच आकाराच्या, तेच अन्न खाणाऱ्या दुसऱ्या माशाला ती हुसकावत राहते. क्वचित एखादी ब्लेनी प्रवाळाला चावे घेऊ लागते, तेव्हा तिला लगेच दोषी ठरवून बाहेर काढण्याआधी काही दिवस वनस्पतिजन्य अन्न वाढवून पाहावे. त्यानंतरही चावे थांबले नाहीत, तर प्रवाळ नसलेल्या टाकीत तिची सोय करावी.