शेजारच्या मशीनची रॅम उसनी मिळते का?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फाउंड्रीवाल्या मित्रानं परवा पुन्हा विचारलं, "ऑफिसात चार मशीन हाईत. तीन नुसती बिलं काढत्यात. त्यांची रॅम माझ्या सिम्युलेशनच्या मशीनला जोडता येत न्हाई व्हय?" तुम्हीही अधूनमधून हेच विचारता, म्हणून लिहितोय.

जोडता येते. मी करून बसलोय. राजारामपुरीतल्या घरी दोन जुनी मशीन, मध्ये त्यांना जोडणारा गिगाबिट स्विच. एकाच्या रॅमचा तुकडा लिनक्सच्या एनबीडीमधून (एका मशीनमधली जागा नेटवर्कवरून दुसऱ्याला डिस्कसारखी दाखवणारी सोय) दुसऱ्याला स्वॅप म्हणून, म्हणजे रॅम भरल्यावर वापरायची जादा जागा म्हणून दिला. मोठी फाइल उघडली आणि माऊस जागच्या जागी थिजला.

थिजणारच. स्वतःच्या रॅमला उत्तर द्यायला साधारण 100 नॅनोसेकंद पुरतात. स्वॅप मात्र 4 केबीच्या पानांनी, म्हणजे मेमरीच्या ठरीव तुकड्यांनी चालतो, आणि तेवढं एक पान गिगाबिट वायरीवरून सरकायलाच 33 मायक्रोसेकंद, म्हणजे 33,000 नॅनोसेकंद जातात. दोन्हीकडच्या कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची) उठाठेव वेगळीच.

मोठ्या डेटा सेंटरांत यासाठी आरडीएमए, म्हणजे दुसऱ्या मशीनची मेमरी थेट वाचायची पद्धत वापरतात. रॅमचा ठरावीक भाग आधी नोंदवून जागेवर खिळवून ठेवला, की नेटवर्क कार्ड समोरच्या प्रोसेसरला न उठवता थेट तिथून वाचतं. इन्फिनिबँड या वेगवान नेटवर्कवर हे एक-दोन मायक्रोसेकंदांत होतं. 100 नॅनोसेकंदांना एक सेकंद धरा. मग स्वतःची रॅम म्हणजे गंगावेशीतली म्हैस, पेला पुढं केला की धार. इन्फिनिबँडला दहा-वीस सेकंद, माझ्या गिगाबिटला साडेपाच मिनिटं. जुनी हार्डडिस्क? उद्या या.

आणि हे झालं नुसतं वाचण्याचं. अनेक मशीनची मेमरी एकच भासवायची कल्पना संगणकशास्त्रज्ञ काई ली यांनी 1986 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या प्रबंधात मांडली. त्यात दुखणं असं, की दोन मशीन एकाच पानावर लिहू लागली, अगदी वेगवेगळ्या कोपऱ्यांत का असेना, की पान नुसतं येरझाऱ्या घालतं. म्हणून मोठी सिम्युलेशनं बहुधा मेमरी वाटून घेत नाहीत. काम वाटतात आणि सीमेवरचे आकडे एकमेकांना निरोपानं कळवतात.

माझ्या प्रयोगाचा शेवट आईनं केला. मिक्सर लावायला तिनं स्विचची पिन काढली, आणि मशीन अर्ध्या मेमरीला मुकलं ते थेट रीस्टार्टपर्यंत.

मित्राला म्हटलं, आधी झाकण उघडून बघ. संध्याकाळी फोटो आला: रॅमच्या चार स्लॉटांपैकी दोन रिकामे, वर फाउंड्रीच्या काळ्या धुळीचा थर.