जिराच्या बोर्डावरून कार्डं गायब झाली तर मदत कुणाकडे मागायची? माझा अनुभव

शुक्रवारचं रिलीज झालं (सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडली) आणि जिरामधल्या, म्हणजे टीमची कामं नोंदवायच्या ॲपमधल्या, आमच्या कानबान बोर्डावरून (कामं टप्प्यांच्या कॉलमांत मांडणारा फळा) काही कार्डं दिसेनाशी झाली. एक कार्ड म्हणजे एक काम, त्यालाच जिरात 'इश्यू' म्हणतात. त्यांचं काम बाकी होतं, थेट लिंकने ती उघडतही होती. कारण सापडल्यावर दुरुस्ती चुटकीसरशी झाली. वेळ खाल्ला तो कंपनीच्या आयटी हेल्पडेस्कने, आणि तो राग अजून गेलेला नाही.

तिकीट (मदतीची विनंती) टाकल्यावर पहिलं उत्तर आलं, ब्राउझरचा कॅशे साफ करा. मग इनकॉग्निटोमध्ये उघडून बघा. मग लॅपटॉप रीस्टार्ट करा. बोर्ड टीममधल्या कुणालाच नीट दिसत नसताना एकाच्या लॅपटॉपवर काय सापडणार? पण समोरचा माणूस ठरलेल्या यादीवरून विचारतो. पासवर्ड, व्हीपीएन, प्रिंटर ही त्याची कामं. जिराच्या ॲडमिन पॅनलचा ॲक्सेस त्याला दिलेलाच नसतो. तिकीट जिरा ॲडमिनकडे वळवणं एवढंच त्याच्या हातात असतं, आणि आपण वर्गवारीत 'सॉफ्टवेअर – इतर' निवडलं असेल तर ते डेस्कटॉप टीमच्या रांगेत जाऊन बसतं.

त्यानंतर एचएआर फाइल (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीची नोंद) मागितली. पान उघडत नसेल, एरर येत असेल किंवा फार वेळ लागत असेल तर ती उपयोगी पडते: एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबवर जा, 'प्रिझर्व्ह लॉग'वर टिक करा, पान रीलोड करून अडचण पुन्हा घडवा आणि फाइल एक्स्पोर्ट करा. पण त्या फाइलमध्ये तुमच्या लॉगिनच्या कुकीजही असू शकतात. त्या काढल्याशिवाय फाइल पुढे पाठवू नका, आणि पाठवण्याआधी लॉगआउट करा. आमची अडचण फिल्टरची (बोर्डावर कोणते इश्यू दाखवायचे ते ठरवणाऱ्या नियमाची) होती. अशा वेळी सर्व्हर कार्डं न पाठवताही 'सगळं ठीक' असंच उत्तर देतो, त्यामुळे फाइलमध्ये एरर म्हणून काही सापडत नाही.

सगळ्यात जास्त चीड आणणारी गोष्ट म्हणजे 'वेटिंग फॉर कस्टमर'. तिकीट या स्थितीत टाकलं की बहुतेक हेल्पडेस्कांत त्यांचं एसएलएचं (ठरलेल्या वेळेत उत्तर द्यायच्या हमीचं) घड्याळ थांबतं, आणि आपलं उत्तर वेळेत गेलं नाही तर तिकीट आपोआप बंद होतं. बंद झालं तर नवीन टाकू नका. त्याच तिकिटावर उत्तर देऊन ते रीओपन करायला लावा. नवीन तिकीट म्हणजे पुन्हा कॅशेपासून सुरुवात.

शेवटी तिकीट ॲडमिनपर्यंत पोचलं ते या मजकुरामुळे: 'इश्यू पीएवाय-४१२. लिंकने उघडतो, बोर्डावर नाही. शुक्रवारी १७:४० आयएसटीपर्यंत इन प्रोग्रेस कॉलममध्ये होता. सहकाऱ्यांनाही दिसत नाही. फिक्स व्हर्जन ४.२, रिलीज्ड. कृपया जिरा ॲडमिनकडे वळवा.' सोबत ॲड्रेस बारसकट पूर्ण विंडोचा स्क्रीनशॉट. ॲडमिनने शेवटून दुसरं वाक्य वाचलं, म्हणजे फिक्स व्हर्जन (काम ज्या आवृत्तीत जाणार ती) रिलीज झाल्याचं, आणि कारण ओळखलं. हायसं वाटलं!

कानबान बोर्डाला मुख्य फिल्टरशिवाय एक सब-फिल्टर असतो. फिक्स व्हर्जन अजून रिलीज न झालेलं किंवा रिकामं, एवढेच इश्यू तो मूळ सेटिंगप्रमाणे दाखवतो. व्हर्जन रिलीज करताना अपुरे इश्यू राहिले असतील तर जिरा विचारतं: पुढच्या व्हर्जनमध्ये हलवायचे की दुर्लक्ष करून पुढे जायचं? दुसरा पर्याय निवडला की अर्धवट कामंही बोर्डावरून उतरतात. ते इश्यू शोधून बल्क चेंजने (अनेक इश्यू एकदम बदलायची सोय) पुढच्या व्हर्जनमध्ये टाकले की कार्डं परत येतात.

इतर कारणं पटकन सांगते. इश्यूचं स्टेटस (काम कुठल्या टप्प्यावर आहे ते) कुठल्याच कॉलमला जोडलेलं नसेल तरी कार्ड दिसत नाही. कुणी काय बदललं ते इश्यूच्या खाली हिस्टरीमध्ये वेळेसकट असतं. तिकीट टाकण्याआधी ते बघाच. इश्यू लिंकनेही उघडत नसेल तर ॲडमिनला 'परमिशन हेल्पर' चालवायला सांगा. युजर, इश्यू आणि परमिशन दिली की नेमकं कुठे अडलंय ते तो दाखवतो.

ॲडमिन कोण हेच माहीत नसेल तर प्रोजेक्टच्या यादीत 'लीड'चं नाव असतं, त्यांना विचारा. तिथेच प्रकारही दिसतो: टीम-मॅनेज्ड असेल तर बरंचसं प्रोजेक्ट ॲडमिनच दुरुस्त करू शकतो, कंपनी-मॅनेज्डमध्ये वर्कफ्लो आणि फील्ड बदलायला सहसा जिरा ॲडमिनच लागतो. फ्री प्लॅन असेल तर तांत्रिक अडचणींसाठी ॲटलासियनचा (जिरा बनवणाऱ्या कंपनीचा) सपोर्ट मिळत नाही, त्यांच्या ऑनलाइन कम्युनिटीतच विचारावं लागतं.

आणि सगळ्यांचंच सगळं एकदम बंद पडलं तर आधी ॲटलासियनचं स्टेटस पान उघडा. ५ एप्रिल २०२२ ला त्यांच्याच एका स्क्रिप्टला चुकीचे आयडी दिले गेले आणि ७७५ ग्राहकांच्या साइट बंद पडल्या. काहींच्या परत यायला १४ दिवसांपर्यंत लागले. अशा वेळी कॅशे साफ करण्यात वेळ घालवू नका.

बल्क चेंजचं एक राहिलंच: बदल करताना मेल पाठवण्याची टिक काढा, नाहीतर त्या इश्यूंशी जोडलेल्या लोकांना उगाच मेल जातात.