माटुंग्याला टेबल एकट्याचं नसतं

कुणाकडे बाहेरगावचे पाहुणे यायचे असले की मला हमखास विचारलं जातं, मुंबईत खायला कुठे न्यायचं? माझं उत्तर ठरलेलं आहे. मध्य रेल्वेच्या माटुंग्याला उतरा, पूर्वेला बाहेर पडा, पुढचं सगळं चालत होतं.

स्टेशनाच्या तोंडाशीच, पहिल्या मजल्यावर, ए. रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासूनचं. जवळच रामाश्रय, १९३९ चं. आणि पुढे किंग्ज सर्कलला, म्हणजे माहेश्वरी उद्यानापाशी, कॅफे मद्रास, १९४० चं. ही तिन्ही एकाच वेळी उगवली याला कारण आहे. १८९६ च्या प्लेगनंतर शहराची गर्दी पांगवायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने दादर-माटुंग्याला आखीव रस्ते आणि कमी उंचीच्या इमारतींची वस्ती उभी केली. नोकरीसाठी दक्षिणेतून आलेली मंडळी तिथे राहायला आली. त्यांना घरच्यासारखं, स्वस्त आणि झटपट जेवण हवं होतं. ती गरज या हॉटेलांच्या रचनेत आजही दिसते. जागा लहान, टेबलं चिकटून, आणि रिकामी खुर्ची दिसली की त्यावर कुणालातरी बसवायचंच.

मला माटुंगा आवडतं ते या खुर्चीसाठी.

माझं कॉलेज इथलंच. आता ऑफिस परळला आणि घर डोंबिवलीला, त्यामुळे संध्याकाळी स्लो लोकलमधून मधेच उतरता येतं. एकटी बाई हॉटेलात शिरली की अनेक ठिकाणी वेटर आधी मागे कुणी आहे का ते बघतो, मग कोपऱ्यातली जागा दाखवतो. कॅफे मद्रासमध्ये असलं काही नाही. दारातल्या माणसाला नाव आणि ‘एक’ एवढंच सांगायचं. चौघांचं कुटुंब ताटकळत असतं आणि एकट्या माणसाचा नंबर आधी लागतो, कारण आत कुठल्यातरी टेबलावर एक जागा मोकळी असतेच.

मग समोर अनोळखी माणूस. त्याचे काही अलिखित नियम आहेत. पिशवी मांडीवर घ्यायची. दुसऱ्याच्या ताटात बघायचं नाही, पण ‘हे काय मागवलंत?’ विचारलेलं चालतं. खाऊन झालं की फोन काढून बसायचं नाही, बाहेर लोक उभे आहेत.

एकदा माझ्यासमोर नऊवारी नव्हे पण तितकीच लांबरुंद कांजीवरम नेसलेल्या एक आजी होत्या, केसांत अबोलीचा गजरा. माझा रस्सम वडा आला तसा मी चमचा घातला. त्या म्हणाल्या, “थांबा हो ताई, त्याला जरा पिऊ द्या.” अगदी दादरच्या मराठीत. मी थांबले. वाटीतलं रस्सम हळूहळू खाली गेलं, वड्याची कडा फुगली, वर मिरीचा आणि हिंगाचा वास यायला लागला. मग चमचा टेकवताच वडा सुटला, आत मऊ, बाहेर अजून किंचित खरपूस. तोवर आजींनी आपली कॉफी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात अशी उंचावरून फिरवून फेसाळ करून संपवली होती. “पुढच्या वेळी नाचणी डोसा घ्या,” म्हणाल्या आणि उठल्या. घेतला. आता दर वेळी घेते.

रामाश्रयला फळ्यावर त्या दिवशीचा शिरा लिहिलेला असतो. अननसाचा असेल तर सोडू नका. रामा नायकांकडे भूक घेऊन जा, केळीच्या पानावर वाढत राहतात आणि स्वयंपाकघर आत जाऊन बघायलाही मुभा आहे. दादरच्या प्रकाशमध्येही साबुदाणा वडा आणि पियुष असंच कुणाच्या तरी समोर बसून खाल्लं जातं, ते मला तितकंच प्रिय.

म्हणूनच माझ्या ओळखीच्या एका जुन्या उपाहारगृहाने नूतनीकरणात सगळी दोघादोघांची टेबलं केली तेव्हा मला फार वाईट वाटलं. पदार्थ तेच, हात तोच. पण आता एकटा माणूस बाहेर अर्धा तास उभा राहतो आणि आत भिंतीकडे तोंड करून खातो. जागा वाचवायची सोय म्हणून जे सुरू झालं, त्यातून या शहरात लोक एकमेकांशी दोन शब्द बोलत होते. मालकांनी याचा विचार करायला हवा होता.

जाणार असाल तर रविवार टाळा, नाहीतर सकाळी लवकर पोचा. खाऊन झाल्यावर आस्तिक समाजाच्या देवळाकडे चक्कर मारा, फुलवाले तिथेच बसतात. आणि पाहुणे चारजण असले तरी दारात दोन-दोन सांगून बघा.